फाईलच्या डोक्यावर श्री

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, कॉम्प्युटरच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी बरं म्हणाले. लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर मला राग आला. गमती झाल्या नाहीत असं नाही, भरपूर झाल्या. पण आमच्या धंद्यात गंमत होते ती ऑफिसात, आणि तिचा त्रास भोगणारा माणूस फाटकाबाहेर उन्हात उभा असतो. मी बरीच वर्षं त्या फाटकाच्या आतबाहेर केलेलं आहे. तेव्हा ज्यांना हलकंफुलकं हवं आहे त्यांनी खुशाल पानं उलटून पाककृतींकडे जावं.

मी यवतमाळची. पुण्याच्या एका कंपनीनं मला जिल्ह्यासाठी सपोर्ट इंजिनिअर म्हणून नेमलं होतं. इंजिनिअर हे कार्डावर. प्रत्यक्षात मी खांद्याला लॅपटॉप अडकवून एसटीनं हिंडणारी बाई होते, आणि शेजारी बसलेली म्हातारी हमखास विचारायची, "विम्याच्या काय बाई तुमी?" कंपनी जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम बनवायची. कृषी केंद्रांची बिलं, गोदामांचा हिशेब, आणि पुढे कापूस खरेदी केंद्रांवरची नोंदणी. ते प्रोग्राम बिघडले की जाऊन दुरुस्त करायचे, हे माझं काम.

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगते, घाबरू नका. जावातला प्रोग्राम एकसंध नसतो, शेकडो लहान तुकड्यांचा असतो. एकेका तुकड्याला क्लास म्हणतात. वजन घेणारा एक, पावती छापणारा एक, नाव शोधणारा एक. हे तुकडे गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले असतात आणि क्लासलोडर नावाची व्यवस्था लागेल तो तुकडा गठ्ठ्यातून काढून आणते. आता जावाचा स्वभाव असा, की लागल्याशिवाय ती काही काढत नाही. आपल्याकडे पाहुणा दारात आल्यावरच पेटीतली गादी काढतात, तसं. गादी उंदरांनी कुरतडली आहे हे तोवर कळत नाही, आणि कळतं तेव्हा पाहुणा समोर उभा असतो. बिघाडांपैकी निम्मे तरी या जातीचे. तुकडा सापडला नाही, किंवा सापडला तो भलताच निघाला.

भलत्याचा नमुना म्हणजे ढाणकीचे एक कृषी केंद्रवाले शेठ. त्यांच्या बिलाच्या प्रोग्रामला आम्ही नवा गठ्ठा पाठवला. बिल तयार व्हायचं आणि छापताना प्रोग्राम धाडकन बंद पडायचा. मी गेले, फोल्डर उघडलं, तर नव्या गठ्ठ्याच्या शेजारी जुना गठ्ठा आरामात बसलेला. क्लासलोडरच्या हाती आधी जुना लागे. मग नवा तुकडा जुन्या तुकड्याला असं काम सांगे, जे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

"शेठ, जुना काढून टाका म्हणून कळवलं होतं ना?"

"मॅडम, जुनं फेकत असतेत काय? चांगलं चालत होतं ते. असू द्या, कामी येईन म्हनून बाजूले ठेवलं."

"बाजूला नको. माळ्यावर ठेवा."

शेठनी मान डोलावली आणि माझ्यासमोर 'माळा' नावाचं वेगळं फोल्डर करून जुना गठ्ठा त्यात टाकला. शेवटपर्यंत त्यांची तक्रार आली नाही. असा माणूस मला आवडतो.

पण या ढाणकीच्या भेटीची नोंद पुण्यात कशी झाली, ते ऐका. प्रत्येक तक्रार बंद करताना कारण निवडावं लागे. निवडायला पर्याय होते ते असे: वापरकर्त्याची चूक, वीज, नेटवर्क, इतर. 'आमची चूक' हा पर्यायच नव्हता. मी एकदा विचारलं, तर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर समीर सर हसले आणि म्हणाले, "अहो मॅडम, तो पर्याय ठेवला तर तुम्ही लोक तोच निवडाल." हसण्यासारखं होतं, मीही हसले असेन. पण नवा गठ्ठा पाठवणाऱ्यानं जुना आपोआप निघेल अशी सोय करायची असते, हे पुण्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. ढाणकीचे शेठ वापरकर्ते, म्हणून चूक त्यांची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर कापसाची ती वाईट वर्षं. सरकारी खरेदी केंद्रं उघडायची उशिरा, बंद व्हायची लवकर, आणि केंद्राच्या फाटकाबाहेर खाजगी व्यापारी आपला काटा टांगून बसलेले. आतून जो परत फिरला तो त्यांच्या हाती पडायचा, आणि ते सांगतील तो भाव. त्या हंगामात केंद्रांवर आमचा प्रोग्राम बसवला होता. शेतकऱ्याचं नाव टाकायचं, सातबाऱ्याची नोंद मशीननं शोधायची, टोकन निघायचं, मग कापूस काट्यावर.

दिवाळीनंतर महागावकडच्या एका केंद्राचे प्रमुख, इंगोले साहेब, यांचा फोन आला. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात त्यांचं केंद्र होतं.

"वानखडे मॅडम, तुमचं मशीन लोकायले वापस लावून राह्यलं. लोकं माह्या टेबलावर चढून राह्यले. सारे म्हन्तेत का ऑपरेटर पोरगी बेपाऱ्यायले मिळाली हाय. मी तिले काढतोच आता, नोटीस टाइप करून ठेवली. तुमी या आन तिनं मशीनमंधी काय केलं तेवढं लिहून द्या, म्हंजे माहं काम झालं."

"तिनं काही केलं हे कशावरून?"

"पुण्याहून तुमच्याच लोकायनं सांगतलं, वापरकर्त्याची चूक म्हनून."

समीर सरांनी लॉग न उघडताच तक्रार बंद केली होती. लॉग म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या हालहवालाची जी टिपणं ठेवतो ती. केंद्रावरून ती दर तक्रारीसोबत पुण्याला जायची. पुण्यात ती साठवली जायची, वाचली जायची नाही.

मी सकाळच्या गाडीनं पोचले. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर दोन मिनिटं थांबले, कारण केंद्राची खरी हकीकत टपरीवर कळते. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "आरे, पाहून पाहून काढते ते पोट्टी. ज्याच्यामागं कोनी नाही त्याले बरोबर काढते. बेपाऱ्याकडून पोचत असन तिले." समोर व्यापाऱ्याचा काटा टांगलेला होता आणि त्याच्या ढिगावर पांढरा कापूस चढत होता.

ऑपरेटर शबाना खिडकीमागं बसलेली. महागावात स्टँडजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या युसूफभाईंची मुलगी. बी.कॉम. झालेली, टायपिंग झपाझप. काम शिकवायला मीच तिच्याजवळ दोन दिवस बसले होते, त्यामुळे ओळख होती. मला पाहून ती उठली नाही की हसली नाही. डोळे सुजलेले होते.

"मॅडम, तुमी बी लिहून द्याले आल्या काय?"

"आधी पाहायला आले. तू काम चालू ठेव."

मी तिच्या मागं स्टूल टाकून बसले. पहिल्याचं नाव टाकलं, टोकन निघालं. दुसऱ्याचं निघालं. तिसऱ्या होत्या सुमनबाई, फुलसावंगीकडच्या. नऊवारी, कपाळ मोकळं, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला सातबारा. बाहेर त्यांची भाड्याची मेटाडोर कापूस भरून उभी होती. शबानानं नाव टाकलं. पडदा क्षणभर थबकला आणि लाल अक्षरं आली: 'शेतकऱ्याची नोंद सापडली नाही.'

"मावशी, नाही येऊन राह्यलं नाव," शबाना हळू म्हणाली.

"काहून नाही येऊन राह्यलं? आता तिसरी खेप हाय माही! ह्या पायरीवरच्या मानसाचं येते, माहंच काहून नाही येत? मी हावो का नाही ह्या दुनियेत?" सुमनबाईंचा आवाज सगळ्या आवारात गेला. "तुले काय पाह्यजे ते सांग न पोरी तोंडानं! गरिबाच्या बाईले कायले फिरवतं?"

मागून दोघंचौघं ओरडले. एक शिवी अशी आली, की ती मी इथं लिहिणार नाही. शबानाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. सुमनबाई सातबारा हिसकून घेऊन निघाल्या. मी त्यांच्या मागं गेले आणि तो कागद पाहायला मागितला.

"पाहा, पाहा. तुमीबी पाहा. लिहेल हाय न नाव?"

नाव होतंच. त्यांचं, आणि त्याखाली त्यांच्या दोन मुलींची. नवरा गेल्यावर वारस म्हणून तिघींची नावं चढलेली. मी त्यांना म्हटलं, "मावशी, दुपारपर्यंत थांबा. बिघाड मशीनचाच असणार. मी शोधते." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाडीवाला घड्याळ दाखवत होता.

परत येऊन मी शबानाला विचारलं, की आजवर कोण कोण परत गेलं, आठवतं का. तिला आठवत होतं. ज्याला शिव्या खाव्या लागतात त्याला आठवतंच. पारवेकर काकू, दोघं बंजारा भाऊ तांड्यावरचे, एक कोलाम म्हातारी नातवासोबत आलेली. विधवा बायका, वाटण्या न झालेले भाऊ, पोरकी पोरं. त्यातले दोघंतिघं पुन्हा खेप घालून आवारातच उभे होते, त्यांचे सातबारे मी मागून पाहिले. प्रत्येकावर एकाहून जास्त नावं. ज्याच्या सातबाऱ्यावर एकच नाव, त्याला टोकन. ज्याचं खातं सामाईक, त्याची 'नोंद सापडली नाही'.

आता मला राग कशाचा आला ते सांगते. आमच्या प्रोग्राममध्ये सामाईक खात्यांचं काम करणारा क्लास मूळ गठ्ठ्यात नव्हताच. पुण्यात आराखडा करताना कोणीतरी लिहिलं होतं की सामाईक खातं हे अपवादात्मक प्रकरण, ते नंतर प्लगिन म्हणून जोडू. प्लगिन म्हणजे मागाहून जोडायचा गठ्ठा. अपवादात्मक! यवतमाळ जिल्ह्यात, त्या वर्षांत! आमच्याकडे बायकांच्या आणि पोरींच्या नावानं सातबारे काहून चढत होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं. पुण्याला मात्र तो अपवाद वाटला.

बरं, प्लगिन तर प्लगिन. तो चालत का नव्हता? मी लॉग उघडला. प्रोग्राम सुरू होतानाच त्यानं निमूटपणे लिहून ठेवलं होतं, की सामाईक खात्याच्या प्लगिनची कॉन्फिगरेशन फाईल वाचता आली नाही, सबब प्लगिन सोडून दिला. आणि पुढे प्रत्येक सुमनबाईच्या वेळी एकच ओळ: क्लास सापडला नाही. क्लास सापडला नाही. क्लास सापडला नाही. म्हणजे मशीनला सुमनबाई सापडत होत्या. त्यांची नोंद जागच्या जागी होती. सापडत नव्हता तो आमचा तुकडा. पण ज्या कोण्या हुशार पोरानं प्रोग्राम लिहिला त्यानं काय केलं होतं, की आत काहीही बिघडो, बाहेर पडद्यावर एकच वाक्य दाखवायचं: शेतकऱ्याची नोंद सापडली नाही. आमचं सामान हरवलं आणि आम्ही त्या बाईला सांगत होतो, की बाई, तू हरवलीस. तीनदा सांगितलं. मला आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

मग मी ती कॉन्फिगरेशन फाईल उघडली. ही साधी मजकुराची फाईल असते. मी अमुक प्लगिन, माझा गठ्ठा तमुक जागी, मला कामाला लावायचं तर आधी या क्लासला बोलवा, एवढी ओळख तीत असते. तिची पहिली ओळ ठरलेली असते आणि त्या ओळीच्या आधी काही चालत नाही. एक मोकळी जागासुद्धा चालत नाही. इथं त्या ओळीच्या वर, अगदी मधोमध, लिहिलेलं होतं: श्री.

मी शबानाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"हे कोणी लिहिलं?"

"काटापूजनाच्या दिवशी," ती म्हणाली.

काटापूजन म्हणजे हंगामाचा मुहूर्त. काट्याला हार घालायचा, नारळ फोडायचा, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं द्यायचं. त्या वर्षी नवीन म्हणून संगणकाचंही पूजन ठेवलं होतं. हळदकुंकू वाहिलेला कीबोर्ड मी नंतर काडीनं साफ केला आहे. आमच्या कंपनीचा पुण्याचा माणूस नेमका तेव्हाच नवा प्लगिन बसवत होता आणि त्याची फाईल पडद्यावर उघडी होती. प्रमुख पाहुणे आले, फोटोवाला आला. इंगोले साहेब म्हणाले, साहेब, तुमच्या हातानं कॉम्प्युटरवर श्री लिहा, मग काम सुरू करू. पाहुण्यांना दुसरी खिडकी कशी उघडायची हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. जे समोर होतं त्याच्या डोक्यावर शबानानं सांगितल्याप्रमाणे कळा दाबून त्यांनी श्री उमटवला. टाळ्या झाल्या. आणि आमच्या माणसानं ती फाईल तशीच जपून ठेवली, कारण पाहुण्यांनी लिहिलेला श्री पुसायचा कोणी?

त्या दिवशी पहिलं टोकन निघालं, फोटो निघाला, सगळं शुभ झालं. पहिल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर एकच नाव होतं. जावानं सामाईकाची गादी काढलीच नाही.

"तुला माहीत होतं, की हे इथं नको?"

"मले वाटलं होतं, मॅडम. तुमीच शिकवलं होतं का ह्या फाईलीले हात लावाचा नाही. मी तुमच्या पुण्याच्या सरले इचारलं, सर, हे पुसू काय? थे म्हने, राहू दे ताई, शुभ असतं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आन मंग लोकं वापस जाऊ लागले तवा मले लय वाटलं का पुसून पाहावं. पन मॅडम, मी शबाना. माह्या हातानं श्री पुसला असता आन कोनं पाह्यलं असतं, तं गावात काय झालं असतं ते तुमीच सांगा."

मी काय सांगणार. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या बिघाडावर बसले, त्यातला एकही असा नव्हता की ज्याला हात लावताना मला माझं आडनाव आठवावं लागलं. या पोरीला ते रोज आठवावं लागत होतं.

इंगोले साहेबांना बोलावलं. पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हंजे श्रीनं बिघडलं म्हन्ता? मॅडम, असं कुठी असते काय? जरा हळू बोला."

"श्रीनं नाही बिघडलं. तो जिथं लिहिला त्या जागेनं बिघडलं. मी तो काढते."

"पुसू नका हो!" ते जवळजवळ ओरडले. "साहेबायनं लिहेल हाय. अन् शुभकार्याचं हाय."

देवाच्या दयेनं या फाईलींमध्ये एक सोय असते. ठरावीक खुणांच्या मध्ये माणसानं माणसासाठी काहीही लिहावं, मशीन ते वाचत नाही. मी श्री पहिल्या ओळीच्या खाली आणला आणि त्या खुणांमध्ये ठेवला.

"राह्यला न पन?"

"राहिला."

त्यांनी पडद्याला हात जोडले. श्रीची सोय झाली. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. लॉगमध्ये प्लगिन आत आल्याची ओळ दिसली. मी शबानाला म्हटलं, टाक सुमनबाईंचं नाव. तिनं टाकलं. तिन्ही नावं एकाखाली एक आली, आई आणि दोन मुली.

मी धावत फाटकाबाहेर गेले. चाळिशी उलटलेल्या, लॅपटॉपवाल्या बाईनं धावणं हे तिथल्या लोकांना गमतीचंच वाटलं असेल. मेटाडोर रिकामी होती. गाडीवाला फाळका लावत होता. सुमनबाई व्यापाऱ्याच्या ढिगाशेजारी, स्वतःच्याच कापसाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"मावशी, सापडलं. नाव आलं."

त्या उठल्या. "दाखवा," म्हणाल्या.

खिडकीपाशी गर्दी होती, ती बाजूला झाली. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. आजवर तो नेहमी ऑपरेटरकडे तोंड करून असायचा. समोरच्याला दिसायची फक्त त्याची पाठ. सुमनबाईंना वाचता येत होतं. त्यांनी बोट लावून तिन्ही नावं वाचली.

"हे आता घातलं का पयलेपासून होतं?"

"पहिल्यापासून होतं, मावशी. मशीनचा एक तुकडा जागेवर नव्हता. आमच्याकडून नव्हता. या पोरीचा त्यात काही हात नाही."

त्यांनी पडद्यावरून बोट काढलं. मला वाटलं, आता मला शिव्या देतील. मी त्या खायला तयार होते, कुणीतरी खायला हव्याच होत्या. पण त्या वळल्या त्या गर्दीकडे.

"आयकलं काय रे? आतापरेंत मी हिले बोलली, तुमीबी बोलले. आता बोला न!"

शबाना खिडकीमागं उभी होती, तिला लोकांदेखत पहिल्यांदाच रडू आलं. सुमनबाईंनी सातबारा पुन्हा पिशवीत घातला, पिशवीची घडी केली आणि काही न मागता निघून गेल्या. त्यांच्याकडे मापायला कापूस नव्हता.

इंगोले साहेबांच्या खोलीतून मी पुण्याला फोन लावला. समीर सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान पकडलंत, मॅडम. रिपोर्टमध्ये लिहा, ऑपरेटरच्या उपस्थितीत फाईलमध्ये अनधिकृत मजकूर गेला."

"कोणाच्या हातानं गेला ते लिहू?"

"ते नको. पाहुण्यांचं नाव कसं घेणार?"

"आणि फाईल तशीच जपून कोणी ठेवली? आपल्या माणसानं."

"मॅडम, तो मुलगा नवीन आहे. त्याचं करिअर आहे."

"सर, हिचं काय आहे मग?"

मी फोन ठेवला. मी रिपोर्ट लिहिला तो माझ्या पद्धतीनं. फाईल मुहूर्ताच्या समारंभात बिघडली, ती आपल्या कर्मचाऱ्यानं तशीच ठेवली, ऑपरेटरनं वेळेवर विचारूनही तिला थांबवलं, आणि पडद्यावरचं वाक्य मुळातच खोटं आहे. एक प्रत इंगोले साहेबांच्या हातात दिली. माणूस भित्रा, पण वाईट नव्हता. त्यांनी माझ्यासमोर ती टाइप केलेली नोटीस फाडली.

पुण्यात माझ्या तक्रारीच्या नोंदीवर कारण पडलं: वापरकर्त्याची चूक. मी भांडले. मेल पाठवले, बैठकीत उभी राहिले, एकदा तर समीर सरांच्या टेबलावर हात आपटला. शेवटी त्यांनी कारण बदललं. 'इतर' केलं. पडद्यावरचं वाक्यही पुढच्या हंगामात बदललं. मी सुचवलेलं वाक्य होतं, 'यंत्रणेत बिघाड आहे. चूक आमची आहे, आपली नाही.' त्यांनी घेतलं ते 'तांत्रिक अडचण. कृपया नंतर प्रयत्न करा.' नंतर कधी, हे गाडी भाड्यानं आणणाऱ्या माणसाला कोणी सांगायचं, ते त्यात नव्हतं.

शबानाची नोकरी वाचली, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत असे. खरं म्हणजे इंगोले साहेबांनी तिला 'वातावरण निवळेपर्यंत' खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत पावत्या लावायला बसवलं. फोटोत पाहुण्यांच्या शेजारी उभा असलेला आमच्या कंपनीचा तो मुलगा त्याच वर्षी बढती घेऊन गेला. शबानानं हंगाम पुरा केला आणि राजीनामा दिला. मला फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, खिडकीवर बसनारीचंच नाव होते. मले आता माही सोताची खिडकी पाह्यजे."

मी निवृत्त झाले त्या साली पुसदहून येताना महागावला उतरले. स्टँडजवळ युसूफभाईंच्या पंपाच्या दुकानाचा अर्धा भाग आता तिचा आहे. अर्ज, दाखले, सातबारे काढून देते. मी आत न जाता बाहेर उभी राहिले, कारण आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि त्यांचं काम अडलं होतं. पडदा दुकानाच्या दाराकडे, गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला. त्याच्यासाठी तिनं स्वतः तिरकं बसायची सवय केली होती. पडद्यावर कुठल्याशा दुसऱ्याच सरकारी प्रोग्रामची लाल अक्षरं उमटली होती. नोंद सापडली नाही. कोणा दुसऱ्या कंपनीतल्या दुसऱ्या हुशार पोरानं लिहिलेली.

म्हातारे ती अक्षरं वाचून हबकले होते. "म्हंजे, मी नाही काय त्याच्यात?"

शबानानं कीबोर्ड बाजूला सारला आणि त्यांच्याकडे पूर्ण वळून बसली.

"तुमी तं हाव न बाबा, हे काय माह्यासमोर बसेल हाव. मशीनलेच दिसून नाही राह्यलं. बसा, चहा सांगतो. आपन त्याले दाखवू."